१९९२ ची एमएम ५४० घ्यायची आहे. तिच्या तपासणीचा इतिहास कसा पडताळावा?

प्रश्न : घोडबंदरकर

नमस्कार मंडळी.

जुनी फोर बाय फोर जीप घेण्याचा विचार बरेच दिवस मनात होता आणि आता एक गाडी नजरेत भरली आहे. बेलापूरच्या एका गृहस्थांकडे जून १९९२ मध्ये नोंदणी झालेली महिंद्रा एमएम ५४० विकायला आहे. क्रमांक नाशिकचा, म्हणजे एमएच-१५ चा आहे, आणि गाडी दोन मालकांपासून नवी मुंबईतच असल्याचे ते सांगतात. स्मार्ट कार्डावर नोंदणीची मुदत नोव्हेंबर २०२८ पर्यंत दिसते. पीयूसी चालू आहे, विमा मात्र फक्त थर्ड पार्टीचा आहे.

गाडी दिसायला देखणी आहे, आणि माझी शंका नेमकी तिथूनच सुरू होते. रंग ताजा, हूड नवे, खालून सगळीकडे काळाभोर अंडरकोट, म्हणजे गंज रोखणारा लेप. मागच्या तपासण्यांचे काही कागद आहेत का असे विचारले, तेव्हा विक्रेत्यांनी हसून उत्तर दिले की आरटीओत पासिंग झालेले आहे, इंजिन-चेसिस तपासूनच कार्ड मिळाले आहे, आता आणखी कसला इतिहास हवा?

माझा मावसभाऊ ब्रिटनमध्ये राहतो. तिथे त्याने जुनी लँड रोव्हर घेतली, तेव्हा सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकताच दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा निकाल, त्या दिवशीचे किलोमीटर (त्यांच्याकडे मैल), नापास झाली असल्यास त्याचे कारण, आणि 'चेसिसला गंज दिसतो, लक्ष ठेवा' अशा सूचनासुद्धा त्याला घरबसल्या वाचता आल्या. आपल्याकडे असे काही मिळते का? मिळत नसेल, तर ज्याला ही गाडी घ्यायची आहे त्याने नेमके काय आणि कोणाकडे मागावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : कळव्याचा जीपवाला

घोडबंदरकर साहेब, आपल्याकडे असा एकत्रित इतिहास मिळत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, वाहनाचा प्रकार, इंधन, नोंदणी, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती, फायनान्सचा बोजा आहे की नाही, एवढे दिसते. ही सगळी आजची स्थिती असते. गाडी पूर्वी कधी नापास झाली, कशामुळे झाली, हे त्यात कुठेही येत नाही.

शिवाय खासगी गाडीची तपासणीच मुळात फार विरळ होते. पहिली पंधरा वर्षे नोंदणी हाच तिचा फिटनेस मानला जातो. त्यानंतर नमुना २५ भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे आणि त्या वेळी मोटार वाहन निरीक्षकापुढे गाडी उभी करायची. म्हणजे तेहतीस-चौतीस वर्षांच्या आयुष्यात या जीपचे पासिंग फार तर चार वेळा झाले असेल. ब्रिटनची गाडी दरवर्षी तपासली जाते, म्हणून तिचा इतिहास लिहिला जातो. (अर्थात तिथेही चाळीस वर्षांवरील गाडीत मोठे फेरफार झालेले नसतील, तर तिला एमओटीतून सूट आहे, तेव्हा अगदी जुन्या गाड्यांच्या नोंदी तिथेही पुढे आटतात.)

तेव्हा आपल्याला जे वाचायचे आहे ते तारखांमधील अंतर. तुमच्याच कार्डाचा हिशेब करून पाहा. जून १९९२ ची नोंदणी जून २००७ मध्ये संपली. वेळच्या वेळी नूतनीकरण झाले असते तर पुढचे टप्पे २०१२, २०१७, २०२२ आणि २०२७ असे आले असते. कार्डावर मात्र नोव्हेंबर २०२८ आहे, म्हणजे शेवटचे नूतनीकरण बहुधा नोव्हेंबर २०२३ मध्ये झाले. किमान सतरा महिने नोंदणी संपलेल्या अवस्थेत गेले. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे उशिरासाठी चारचाकीला दरमहा ५०० रुपये जादा शुल्क लागते. सतरा महिन्यांचे ८,५०० झाले. ती पावती मागा. पावतीवरची रक्कम यापेक्षा बरीच मोठी निघाली, तर गाडी सतरा महिन्यांपेक्षा पुष्कळ जास्त काळ नोंदणीविना होती असे समजा आणि तेवढा काळ ती कुठे आणि कशी उभी होती हे विचारा.

दुसरे असे की स्मार्ट कार्डावर समाधान मानू नका. जुने आरसी बुक मागा. त्या पुस्तकाच्या मागच्या पानांवर प्रत्येक हस्तांतर, बोजा चढवल्याची आणि उतरवल्याची नोंद, नूतनीकरण, वर्गबदल हे सगळे निरनिराळ्या शाईत आणि रबरी शिक्क्यांसह असते. स्मार्ट कार्ड आल्यावर पुष्कळांनी ती पुस्तके रद्दीत घातली, पण जुन्या जीपचा हौशी मालक सहसा तसे करत नाही. पुस्तक नसेल, तर विक्रेत्यानेच आपल्या नावाने आरटीओकडे 'आरसी पर्टिक्युलर'साठी अर्ज करावा असा आग्रह धरा. नोंदवहीतील तपशिलाचा तो अधिकृत उतारा असतो. हा अर्ज करायला जो मालक का-कू करतो, त्याच्याकडे पुढे कागद मागण्यात अर्थ नाही असे मी मानतो.

क्रमांक नाशिकचा असला तरी नोंद आज कोणत्या कार्यालयात आहे ते पाहा. नवी मुंबईत वर्ग झालेली असेल आणि तुम्हाला ठाण्यात न्यायची असेल, तर नमुना २८ चे नाहरकत प्रमाणपत्र, आणि हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतील. त्याच वेळी ई-चलन थकलेले नाही ना, पंधरा वर्षांवरील वाहनाचा पर्यावरण कर भरला आहे ना, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे ना, हेही उरकून घ्या.

उत्तर : नेरूळची सर्व्हेअर

जीपवाल्यांनी कागदांचे चांगले सांगितले आहे. विमा क्षेत्रात वाहनांच्या पाहणीचे काम केलेले असल्यामुळे मी कागद आणि धातू यांची सांगड कशी घालावी तेवढेच लिहिते.

पासिंगच्या वेळी 'इंजिन-चेसिस तपासले' याचा अर्थ क्रमांक जुळवून पाहिले, एवढाच घ्यावा. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न यांकडे निरीक्षक पाहतो; ट्रान्स्फर केसचा (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) लो गिअर पडतो का, किंवा अंडरकोटखाली फ्रेमचा पत्रा किती उरला आहे, हे शोधणे हा त्या तपासणीचा हेतूच नाही. म्हणून विक्रेत्यांचे म्हणणे खोटे नसले तरी तुमच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

चेसिसवर ठोकलेला क्रमांक स्वतः पाहा. वायर ब्रश आणि थोडे रॉकेल घेऊन जा, त्यावरचा रंग मालकाच्या परवानगीने काढा, कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवा आणि छाप घ्या. अंकांची उंची सारखी आहे का, दोन अंकांमधील अंतर एकसमान आहे का, आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याने पत्रा खोलगट झाला आहे का किंवा वेल्डिंगची कड जाणवते का, हे बोट फिरवल्यावर डोळ्यांपेक्षा लवकर कळते. मग ती छाप कार्डाशी, जुन्या पुस्तकाशी आणि बॉनेटखालच्या पट्टीशी अक्षर-अक्षर जुळवा. हाताने लिहिलेल्या नोंदी संगणकात चढवताना शून्याचा इंग्रजी 'ओ' होणे किंवा एखादा अंक गळणे हे जुन्या वाहनांत सर्रास आढळते. त्यात लबाडी असतेच असे नाही, परंतु ती दुरुस्ती आताच्या मालकाच्या नावावर असतानाच करून घ्यावी. नंतर ते ओझे तुमच्या गळ्यात पडते.

इंजिनची क्षमताही पाहा. एमएम ५४० मध्ये मूळचे प्यूजो जातीचे २११२ सीसी डिझेल इंजिन येत असे. बॉनेटखाली २५२३ सीसीचे महिंद्राचे डीआय इंजिन असेल आणि कार्डावर २११२ असेल, तर बदल नोंदवलेला नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो. हीच गोष्ट मागाहून बसवलेल्या पुढच्या ॲक्सलची. टू-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन गॅरेजमध्ये तिची फोर बाय फोर केलेली उदाहरणे कमी नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात घेता, उत्पादकाच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे असे बदल पुढच्या नूतनीकरणात आणि अपघाताच्या दाव्यात दोन्हीकडे अंगाशी येऊ शकतात.

विम्याच्या कागदांतूनही थोडा इतिहास सापडतो. सर्वसमावेशक विमा खंडित होऊन पुन्हा घेतला असेल, तर कंपनीने गाडीची पाहणी करून छायाचित्रे काढलेली असतात. मालकाने ती मागितल्यास मिळू शकतात. नुसत्या थर्ड पार्टी विम्याला अशी पाहणी होत नाही. तुमच्या गाडीचा विमा तसाच आहे, त्यामुळे सध्याच्या पॉलिसीतून काही हाती लागणार नाही. मागच्या मालकांच्या पॉलिसी मिळाल्या तर पाहा.

पीयूसीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण डिझेल गाडीच्या बाबतीत तो कागद बोलका असतो. या वयाच्या वाहनाला पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते, म्हणजे खरोखर रस्त्यावर असलेल्या जीपची वर्षाला दोन प्रमाणपत्रे हवीत. त्यावर धुराच्या घनतेचा आकडा असतो आणि जुन्या डिझेलला मर्यादा २.४५ ची आहे. ओळीने चार-पाच प्रमाणपत्रे लावून आकडा हळूहळू चढत गेलेला दिसला, तर पंप किंवा नोझलचे काम जवळ आले आहे असे समजावे. प्रत्येक वेळी आकडा दशांशापर्यंत तोच असेल, तर तपासणी यंत्राची नळी खरोखर सायलेन्सरमध्ये गेली होती का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

चोरीच्या नोंदीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोची 'वाहन समन्वय' ही सोय आहे. इंजिन आणि चेसिस क्रमांक टाकून तिथे पडताळणी करता येते. छाप घेतल्यानंतर धातूवरचा क्रमांक टाकून ती करा, कार्डावरचा नको.

उत्तर : तुर्भ्याचा मिस्त्री

कागदाचे वरच्या दोघांनी लिहिले, मी खालच्या बाजूचे लिहितो. ताजा अंडरकोट पाहिला की मी आधी छोटी हातोडी काढतो. मागच्या पाट्यांची (स्प्रिंगची) शॅकल, म्हणजे जोडकडी, जिथे फ्रेमला बसते तिथे, आणि बॉडीच्या माउंटिंगजवळ हलके ठोकावे. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. खाडीकाठी, बेलापूर-नेरूळच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची फ्रेम आतून कुजते, त्यामुळे बाहेरून रंग कितीही चांगला असला तरी त्यावर जाऊ नये.

पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. खेळ आला तर किंगपिन किंवा बेअरिंग गेले आहे. फोर व्हील टाकून पाहायची ती मातीत. पाम बीच रस्त्यासारख्या कोरड्या पक्क्या रस्त्यावर अजिबात टाकू नका, कारण या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे मधले डिफरन्शियल नाही आणि वळणावर सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो. पुढचा ॲक्सल मागाहून बसवलेला असेल तर पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे दात वेगळे असण्याचा धोका असतो. अशी गाडी फोर व्हीलमध्ये सरळ रेषेतसुद्धा अडखळत, झटके देत चालते.

पुन्हा : घोडबंदरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी पुन्हा बेलापूरला जाऊन आलो.

चेसिसची छाप घेतली. कार्डाशी जुळली आणि अंक एकसारखे वाटले. इंजिन २११२ चेच आहे आणि क्रमांकही बरोबर आहे. मात्र बॅटरीचा ट्रे उचलल्यावर खाली पिवळा रंग निघाला, आणि मागच्या फाळक्याच्या बिजागरीला नखाने खरवडल्यावर आजच्या हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली काळा असे थर दिसले. ही गाडी कधीकाळी काळी-पिवळी असावी. विक्रेत्यांना हे ठाऊक नव्हते, किंवा त्यांनी तसे दाखवले नाही.

जुने आरसी बुक मात्र त्यांनी शोधून दिले. त्यात २००४ मध्ये प्रवासी वाहनाचे खासगी वाहन केल्याचा शिक्का आहे, पुढे २००७ चे नूतनीकरण आहे, आणि त्यानंतर एकदम २०२३. मधल्या काळात गाडी मुरबाडजवळच्या एका शेतघरात उभी होती असे त्यांचे म्हणणे आहे. उशिराच्या शुल्काची पावती सापडत नाही. टॅक्सी होती हे कळल्यावर घरातून विरोध सुरू झाला आहे. हे वाटते तितके वाईट आहे का?

उत्तर : कळव्याचा जीपवाला

टॅक्सी होती म्हणून नाक मुरडू नका, उलट तुमच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हे पथ्यावर पडले आहे. प्रवासी वाहनाला त्या काळच्या नियमाने नव्या गाडीची पहिली दोन वर्षे सोडली तर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागे. म्हणजे १९९४ ते २००४ या काळात ही जीप दरवर्षी निरीक्षकापुढे उभी राहिलेली असणार, आणि त्या नोंदी पुस्तकात असायला हव्यात. त्या पानांवर सलग दहा शिक्के मिळाले तर गाडी नियमित राबत होती आणि दुरुस्त होत होती. एखाद्या वर्षाचा शिक्का नसेल, तर त्या वर्षी अपघात किंवा मोठे काम झाले होते का, याचा माग नाशिकच्या बाजूने काढता येईल. कायम खासगी राहिलेल्या जीपचा एवढा तपशील तुम्हाला कधीच मिळाला नसता.

मला खरी काळजी वाटते ती २०१२ ते २०२३ या रिकाम्या जागेची. अकरा वर्षे उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडते : टाकी आतून गंजते, ब्रेकचे सिलिंडर धरतात, रबरी सील सुकतात. आणि ती खरोखर उभी नसेल, नोंदणीविना फिरत असेल, तर त्या काळातला एखादा अपघात किंवा दावा कुठेतरी प्रलंबित असू शकतो.

उत्तर : नेरूळची सर्व्हेअर

सहमत. पावती हरवली तरी शुल्क ऑनलाइन भरलेले असल्यास परिवहनच्या प्रणालीत तिची नोंद असते आणि मालकाला ती पुन्हा काढता येते. 'सापडत नाही' हे उत्तर स्वीकारू नका. त्या रकमेवरून २०२३ च्या अर्जात मुदत केव्हा संपल्याचे दाखवले होते ते उघड होईल. पुस्तकातला २०१२ आणि पावतीतला महिना जुळला पाहिजे. न जुळल्यास, मध्ये एखादे नूतनीकरण झाले आणि पुस्तकात चढले नाही, किंवा नोंद चढवताना तारीख चुकली, या दोनपैकी काय घडले ते पर्टिक्युलरमध्ये दिसेल.

पुढचा खर्चही आजच भावात धरा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील हलक्या मोटार वाहनाच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे, आणि २०२८ मध्ये ते तुम्हाला भरावे लागेल. १५०० सीसीवरील खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने ७,८९७ रुपये, अधिक कर. व्हिंटेज नोंदणीचा मोह कोणी घातला तर ऐकू नका : ती पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी आहे, या जीपला त्यासाठी २०४२ उजाडेल, आणि त्या नोंदणीवर रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

पुन्हा : घोडबंदरकर

पुस्तकाची पाने पुन्हा पाहिली. १९९४ ते २००३ सगळे शिक्के आहेत, फक्त १९९९ चा नाही. त्या पानाचे छायाचित्र काढून नाशिकच्या एका मित्राला पाठवले आहे.

विक्रेत्यांनी पर्टिक्युलरचा अर्ज करण्याचे मान्य केले आहे. तो उतारा आणि शुल्काची पावती हाती येईपर्यंत टोकनची रक्कम द्यायची नाही, आणि गाडी तुर्भ्याला पिटवर घेऊन अंडरकोट दोन-तीन ठिकाणी खरवडून पाहायचा, असे त्यांच्याशी ठरले आहे. फ्रेमला पॅच निघाला तर भाव नव्याने बोलायचा. मिस्त्रीसाहेब, शनिवारी सकाळी आपण मोकळे असाल तर गाडी तिकडेच आणतो.

उत्तर : तुर्भ्याचा मिस्त्री

आणा, पण अकराच्या आधी. टाकीत डिझेल कमी ठेवा, मला टाकी उतरवून आतून पाहायची आहे.